थंडीभर रोज एक छोटं चित्र: ग्वाल्हेरच्या कोहऱ्यात कसं जमवायचं?

जनकगंजची रंगपेटी (प्रश्न)

नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, शाळेत गणित शिकवते. चित्रकला रीतसर कुठे शिकले नाही, पण गेली काही वर्षं जलरंगात काम करते आहे. या वर्षी मनाशी धरलंय की दिवाळीपासून होळीपर्यंत रोज एक छोटं चित्र करायचं. सुट्टीत मोठं काहीतरी करू म्हणता म्हणता वर्ष निघून जातं आणि हात आहे तिथेच राहतो. पोस्टकार्डाएवढा कागद घेतला तर शाळेआधी किंवा शाळेनंतर पाऊण तासात होईल, असा माझा हिशेब.

नोव्हेंबर छान गेला. डिसेंबर अर्धा सरला आणि सगळं अडलं. इथला कोहरा, म्हणजे दाट धुकं, ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी समोरच्या घराचा जिनासुद्धा दिसत नाही. पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) दिला की अर्धा तास झाला तरी कागद ओलाच. त्यावर दुसरा रंग लावला की पाणी उलटं फिरतं आणि वेड्यावाकड्या कडांचे डाग पडतात. शाळेतून साडेतीनला येते, साडेपाचला उजेड संपतो. पुढे दिव्याखाली लावलेला रंग सकाळी भलताच दिसतो.

पण खरी अडचण विषयाची आहे. किल्ला दिसत नाही, झाडं दिसत नाहीत, सगळं राखाडी. रोज नवीन काय काढायचं? घरचे म्हणतात फोटोवरून काढ. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही.

माझ्याकडे ३०० ग्रॅमचा सुती कागद आहे, कॅमलिनच्या ट्यूबा, ४ आणि ८ नंबरचे गोल ब्रश आणि एक चपटा. थंडीत नियमानं काम करणाऱ्यांनी कृपया लिहा.

---

उत्तरेची खिडकी

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून तूच म्हणते. मीही लष्करातलीच, कंपूकडची. विमा कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हापासून दर थंडीत हेच करते, म्हणून तुझा प्रश्न वाचल्याबरोबर लिहायला बसले. लांबेल, पण सगळं वाच.

आधी विषयाचं, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. रोज नवा विषय शोधू नकोस. पाऊण तासातली वीस मिनिटं विषय शोधण्यात गेली आणि पंधरा रेखाटण्यात, तर रंगाला उरलं काय? एक जागा धर आणि होळीपर्यंत सोडू नकोस. माझी जागा म्हणजे उत्तरेच्या खिडकीतून दिसतं ते. खाली शेजाऱ्यांच्या गच्चीचा कठडा, मध्ये कडुलिंबाचा शेंडा, मागे किल्ल्याची धार आणि तिच्यावर तेली मंदिराचा माथा. बस, एवढंच. रेखाटन हाताला पाठ झालंय, त्यात वेळ जात नाही. उरलेला सगळा वेळ एका प्रश्नाला देते: आज यातलं सगळ्यात गडद काय आणि सगळ्यात फिकं काय?

याचं उत्तर रोज बदलतं, आणि तेच चित्र आहे. दाट कोहऱ्यात कठडा गडद, कडुलिंब मधला, किल्ला नाहीच. अकराच्या सुमारास कोहरा विरळ होतो तेव्हा किल्ल्याची फक्त वरची धार उघडी पडते आणि खालचा डोंगर अजून गडप असतो. मावठ, म्हणजे थंडीतला पाऊस, पडून गेली की दगड भिजून काळसर होतो आणि आकाशच सगळ्यात फिकं ठरतं. जानेवारीच्या स्वच्छ दुपारी उलट. डोंगराच्या दक्षिण अंगावर ऊन पडतं आणि किल्ला आकाशाहून उजळ दिसतो. फेब्रुवारी संपता संपता कडुलिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात, मग मधली छटा विरते आणि फांद्यांतून किल्ला दिसायला लागतो. अशी खिडकी ज्याला मिळाली त्याला विषय कमी पडत नाहीत.

आणि तू ज्याला 'सगळं राखाडी' म्हणतेस ना, ती तर ग्वाल्हेरकरांना मिळालेली शाळा आहे. मुंबईकरांना ती नाही, पुणेकरांना फार थोडी. कोहऱ्यात रंग जातो आणि छटा राहतात. छटा जमल्या की रंग कुठलाही चालतो, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

आता त्या राखाडीत काय घालायचं ते ऐक. एरवी आपण शिकतो की लांबची वस्तू निळसर काढायची. ते स्वच्छ हवेत खरं, कारण हवेचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. कोहऱ्यातले पाण्याचे थेंब त्या मानानं खूप मोठे असतात, ते सगळेच रंग सारखे विखुरतात. म्हणून कोहरा पांढरा. त्यामुळे लांबची वस्तू निळी होत नाही, नुसती फिकी होते आणि तिच्या कडा जातात. कोहऱ्यातला किल्ला निळा काढलास की कोहरा संपला, ते ऑक्टोबरचं चित्र झालं. निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना एवढ्या दोनच रंगांतून सगळे करडे काढ. सिएना थोडा जास्त पडला की उबदार, अल्ट्रामरीन जास्त पडला की गार. सूर्य कोहऱ्यामागे येऊन थांबला असेल तर आकाशात यलो ऑकरचा अगदी हलका हात. काळी ट्यूब त्या दिवसांत उघडूही नकोस.

वरची धार दिसते आणि बुडखा दिसत नाही, ते असं करायचं: कोरड्या कागदावर धार एका दमात ओढायची, कड स्वच्छ राहू द्यायची. लगेच दुसरा ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून फडक्यावर टिपायचा आणि रंगाच्या खालच्या बाजूला फिरवायचा, म्हणजे रंग खाली उतरून विरतो. किल्ल्याचा डोंगर शहरापासून साधारण ३०० फूट उंच आहे, पण पोस्टकार्डावर त्याला बोटभर जागा पुरते. तेली मंदिर शंभर फुटांचं. त्याला ब्रशाचं एक टेकवणं. त्याच्यावर कोरीव काम आहे हे आपल्याला माहीत आहे म्हणून काढायचं नाही. खिडकीतून दिसतं का? नाही. मग नाही.

वाळण्याचं. हवाच पाण्यानं भरलेली असते, कागदातलं पाणी जाणार कुठे? म्हणून पहिला उपाय म्हणजे पाणी कमी. ब्रश भांड्यातून निघाला की आधी फडक्याला लागलाच पाहिजे. दुसरा उपाय तुझ्या वेळापत्रकात आपोआप बसतो. सकाळी शाळेआधी फक्त आकाश आणि लांबचं घाल आणि निघून जा. साडेतीनला येशील तेव्हा कागद खडखडीत असेल, तेव्हा जवळचं गडद घाल. तू म्हणशील, तोवर उजेड बदललेला असेल. म्हणून सकाळी रंगाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढी चौकट काढून पेन्सिलनं तीनच छटा भरायच्या: गडद, मधली, कोरा कागद. दुपारी खिडकीकडे बघायचं नाही, त्या चौकटीचं ऐकायचं. सकाळ पेन्सिलनं बांधून ठेवली की दुपारचं ऊन तिला बिघडवू शकत नाही. मला विचारशील तर या सगळ्या सरावात ही चौकट सगळ्यात मोलाची. रंगीत चित्र एखाद्या दिवशी राहिलं तरी चौकट राहू देऊ नकोस.

कागद वाळला का हे हाताच्या पाठीनं बघावं, गार लागला तर ओला, असं सगळे शिकवतात. बरोबरच आहे, पाणी उडताना कागद गार होतो. पण डिसेंबरात आपल्या घरात पलंगाची दांडीसुद्धा गार लागते. त्याच कागदाचा एक कोरा तुकडा शेजारी ठेव. आधी त्याला हात लाव, मग चित्राला. फरक जाणवला तर थांब. हेअर ड्रायर वापरायचा तर कागदावरची चकाकी गेल्यावरच, हातभर लांबून, सारखा हलवत. चकाकी असताना मारलास तर वारा पाणी ढकलतो आणि तुला नको असलेली तीच कड उठते. नंतर कागद थंड होईपर्यंत मिनिटभर थांब.

कागदाचं एक सांगते. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव अर्धा अर्धा करत गेलीस तर चार वेळात साडेपाच बाय साडेसातचे १६ तुकडे होतात. आणखी एकदा केलास तर पोस्टकार्डाच्या मापाचे ३२. ३०० ग्रॅमच्या कागदाला या मापात ताणून चिकटवण्याची गरज नाही, हार्डबोर्डावर चारही बाजूंनी मास्किंग टेप पुरे. टेप मात्र पूर्ण वाळल्याशिवाय काढायची नाही, आणि काढताना चित्रापासून बाहेरच्या दिशेनं, सावकाश. थंडी सुरू व्हायच्या आधी सगळा ताव कापून डब्यात ठेवते. रोज कागद कापायला लागला की त्या दिवशी चित्र होत नाही. रात्री जेवणं आवरली की बोर्डावर दुसऱ्या दिवसाचा कागद लावून ठेवते, ट्यूबा बाहेर काढते, पाण्याचं भांडं खिडकीत. सकाळी त्यात थोडं ऊन पाणी घालायचं. रंग विरघळायला सोपं जातं आणि बोटं चालतात.

फोटोचं तुझं मन बरोबर सांगतंय. कारण असं की कोहऱ्याचा फोटो घेतला की मोबाइल आपला आपण उजेड वाढवतो, गडद भाग उचलतो, करड्याला पांढरं किंवा निळं करून टाकतो. म्हणजे छटा ठरवण्याचं जे काम तुला शिकायचंय, नेमकं तेच तो आधी करून बसलेला असतो. फोटो घे, पण एखादा आकार विसरलीस तर बघण्यापुरता. छटा त्याच्याकडून घेऊ नकोस.

दिव्याचं मला फारसं सांगता येणार नाही, मी रात्री रंगवत नाही. स्वच्छ दिवस असेल आणि सुट्टी असेल तर दुपार मात्र सोडू नकोस. डिसेंबर अखेरीस सव्वाबाराला, सूर्य सगळ्यात वर असताना, तो क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो. जूनमध्ये हाच ८७ अंशांच्या आसपास. तू गणिताची, हिशेब करून बघ: तीन फुटी कठड्याची सावली जूनच्या दुपारी दोन इंच, आणि आत्ता साडेतीन फूट! भर दुपारी एवढी लांब सावली वर्षात दुसऱ्या कुठल्या ऋतूत मिळणार नाही.

---

माळव्याचा तैलरंग

काकूंचं छटांबद्दलचं सगळं मान्य. मी इंदूरला असतो, दिवसभर दुकान, म्हणून माझं काम रात्री नऊनंतर. दिव्याचं मी सांगतो.

ताई, घरातला पिवळा बल्ब २७०० केल्विनचा असतो (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा किंवा निळसर त्याचं माप; आकडा कमी तेवढा पिवळा). त्याखाली पांढऱ्या कागदावरचा फिका पिवळा दिसतच नाही आणि निळा मळका वाटतो. म्हणून आपण दोन्ही जास्त लावतो आणि सकाळी चित्र भडक दिसतं. ४००० ते ५००० केल्विनमधला एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला. उजव्या हाताच्या माणसानं दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर येत नाही. दिवा एकदा ठरला की थंडीभर बदलू नका.

विषयाबद्दल मात्र माझं काकूंशी जमत नाही. रात्री खिडकीत काळोख असतो. माझा विषय संध्याकाळी मंडईतून पिशवीत येतो. या दिवसांत इंदुरात गराडू असतो, वरून तपकिरी, केसाळ, ओबडधोबड, आणि कापला की आतून पांढरा. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तो तळून मिळतो. माझ्याकडे आधी त्याचं चित्र होतं, मग तो कढईत जातो. कधी हरभऱ्याची हिरवी जुडी, कधी लसणाची पात, कधी मटाराच्या शेंगा. वस्तू रोज नवी, त्यामुळे हाताला रोज नवा आकार समजून घ्यावा लागतो, आळस येत नाही. ताट, मागचं करडं कापड आणि दिवा तेच ठेवतो.

मी सहा बाय आठ इंचांच्या एमडीएफच्या तुकड्यांवर तैलरंगात करतो, गेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊन. थंडीत तैलरंग करणार असाल तर हे लक्षात घ्या की तो पाणी उडून वाळत नाही. जवसाच्या तेलात हवेतला प्राणवायू मुरतो आणि तेल घट्ट होतं. गारठ्यात हे काम फार सावकाश चालतं. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर हे तपकिरी रंग लवकर वाळतात, त्यांच्यात मँगनीज असतं. म्हणून पहिला पातळ थर मी अंबरचाच घालतो, दुसऱ्या दिवशी त्यावर काम करता येतं. टायटॅनियम पांढरा जाड लावला तर आठवडा गेला समजा. रंग लवकर वाळवणाऱ्या अल्कीड माध्यमाचे दोन थेंब घातले की फरक पडतो.

एक गोष्ट कळकळीनं: थंडी म्हणून खोली बंद, शेजारी सिगडी किंवा हीटर आणि वाटीत टर्पेंटाइन, असं कधीही करू नका. त्याची वाफ पेट घेते. सिगडी तर बंद खोलीत टर्पेंटाइनशिवायही नको, तिचा धूर दिसला नाही तरी जीव घेतो. खिडकी बोटभर उघडी ठेवा, अंगात दोन स्वेटर घाला.

---

हजीऱ्याचा

मी थोडंच लिहितो. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, ग्वाल्हेरातल्या आमच्या हजीऱ्यालाच, तानसेनच्या समाधीपाशी. रात्री उशिरापर्यंत माणसं शालीत आणि रजईत गुरफटून गाणं ऐकत बसलेली असतात. माणसं काढायची भीती वाटणाऱ्यानं तिथे जावं. नाक-डोळे झाकलेले, हात झाकलेले, नुसता त्रिकोणी आकार, आणि विलंबित चालू आहे तोवर कुणी हलत नाही. मी खिशात मावेल एवढ्या वहीत मऊ पेन्सिलनं आकार घेतो, रंग घरी येऊन. हातमोज्यांची अंगठ्याची आणि दोन बोटांची टोकं कापून टाकली की पेन्सिल नीट धरता येते.

ग्वाल्हेरच्या मेळ्यातही तसंच. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा ऐन थंडीत भरतो, आणि कोहऱ्यात दुकानांचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती उजेडाचं वर्तुळ पडतं. दिव्याची जागा कोरी ठेवायची, भोवतीचा कागद ओला करून कडेकडेनं करडा सोडायचा, तो दिव्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. घरच्या टेबलावर हे मोठ्या कागदात जमायला फार वेळ लागतो. पोस्टकार्डात चटकन समजतं.

---

जनकगंजची रंगपेटी

काकू, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. पेन्सिलची चौकट कालपासून सुरू केली. सकाळी चौकट आणि आकाश, दुपारी जवळचं, असं केलं आणि एकही डाग पडला नाही. इंदूरचे दादा, दिवा आजच आणते. हजीऱ्याला येत्या समारोहात नक्की जाईन.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. माझ्या खिडकीतून किल्ला दिसत नाही. समोर एका जुन्या वाड्याची भिंत आहे, लाकडी सज्जा, एक विजेचा खांब आणि तारा. एवढ्यावर थंडी निघेल का? आणि झालेली चित्रं कशी ठेवायची? आत्ता ती वहीत खुपसली आहेत आणि कागदाला कुबट वास येतोय. शिवाय शेजारी शेजारी मांडली तर सगळी एकसारखी दिसतात, मग मन खट्टू होतं.

---

उत्तरेची खिडकी

वाड्याची भिंत आणि लाकडी सज्जा! अगं, किल्ल्यापेक्षा हे बरं. किल्ला लांब आहे, तो कोहऱ्यात आठवडा आठवडा तोंड दाखवत नाही. सज्जा जवळ आहे, रोज दिसेल. सज्जाखालची सावली बघ. ढगाळ दिवशी ती मऊ असते, कड सापडत नाही. ऊन आलं की तीच सावली भिंतीवर धारदार उतरते आणि तासाभरात सरकते. खांब तुझा गडद उभा आकार, त्याच्यामुळे कागदाचे दोन भाग पडतात, ते कधीही बरोबर अर्धे पडू देऊ नकोस. तारा शेवटी, कोरड्या ब्रशानं, आणि सगळ्या नाही. दोन तारा पुरतात. कोहरा असेल त्या दिवशी तार खांबापाशी दिसते आणि पुढे जाता जाता नाहीशी होते, तशीच सोडून दे. भिंत दक्षिणेला तोंड करून आहे का, ते कळव. असेल तर थंडीभर तिला दुपारचं ऊन मिळेल आणि तुझ्यासारखी नशीबवान तूच.

इंदूरच्या भाऊंनी मतभेद लिहिला ते बरं झालं. रात्री काम करणाऱ्यानं त्यांचंच ऐकावं. पण त्यांनीही ताट, कापड आणि दिवा बदलला नाही, हे बघितलंस ना? काहीतरी जागेवर राहिलं पाहिजे, तरच बाकीचं बदललेलं दिसतं. त्यांच्याकडे ताट राहतं, माझ्याकडे खिडकी.

कुबट वास येतोय म्हणजे कागद आतून ओला असताना वही मिटली गेली. वरून कोरडा लागला तरी सुती कागद आत पाणी धरून असतो. या दिवसांत चित्र झालं की पूर्ण एक दिवस उघडं, आडवं ठेव, भिंतीला टेकवून नको. मग बटर पेपरात घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा नको, त्यात ओल कोंडते. आत्ता वहीतली सगळी बाहेर काढ आणि पहिल्या चांगल्या उन्हाच्या दिवशी गच्चीवर सावलीत वारा लागेल अशी पसरून ठेव. थेट उन्हात नको. तुझ्याकडे क्रिमसनच्या ट्यूबवर अलिझरिन लिहिलं असेल तर तो रंग उजेडानं उडतो.

एकसारखी दिसतात, कारण तू ती तारखेनं मांडली असशील. मागच्या बाजूला काही लिहितेस का? इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची छोटी छोटी तैलचित्रं केली, आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. मी त्याच्याकडूनच हे उचललं. माझ्या प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलनं तारीख, वेळ, वारा कुठून होता, कोहरा किती वाजता उठला आणि त्या दिवशी सगळ्यात गडद काय होतं, एवढं असतं. शाई वापरू नकोस, ओल लागली की ती पुढच्या बाजूला उतरते.

महिना संपला की मी चित्रं तारखेनं न लावता वेळेनं लावते. सकाळी साडेसातची सगळी एका ओळीत, अकराची दुसऱ्या ओळीत, दुपारची तिसऱ्या. मग एका ओळीतली एकमेकांसारखी दिसणारी दोन उचलते आणि पाठीवरचं वाचते. एकात वारा असतो, दुसऱ्यात नसतो. एकात कोहरा नऊला उठलेला, दुसऱ्यात दुपारपर्यंत टिकलेला. पुन्हा समोरून बघितलं की करड्यातला फरक दिसायला लागतो: एक उबदार निघालाय, एक गार. तो तू न ठरवता केलेला असतो, हाताला कळलेला असतो. दुसऱ्या दिवशी तोच फरक ठरवून करायचा. माझा हात पुढे गेला तो या ओळींमुळे गेला.

फाडून काहीही टाकू नकोस. बिघडलेल्या चित्राच्या पाठीवरसुद्धा वेळ आणि वारा लिहिलेला असतो, तो ओळीत लागतोच. अल्ट्रामरीन सावकाश वाळला की त्याचे दाणे कागदाच्या खळग्यांत बसतात आणि भिंतीला खरखरीतपणा येतो. तो आत्ताच्या गारठ्यात जसा येतो तसा मे महिन्यात झटपट वाळणाऱ्या कागदावर येत नाही. तुझ्या वाड्याच्या भिंतीला तो अगदी शोभेल. उद्या भिंतीवर एकच सपाट हात देऊन बघ, अल्ट्रामरीनमध्ये सिएना, बोर्ड पूर्ण आडवा, आणि वाळेपर्यंत ड्रायर नाही.

झालं की इथे टाक. आधी पेन्सिलची चौकट, मग रंगीत, आणि पाठीवर काय लिहिलंस तेही.